नमुन्यापुरता काठ

दादानं काम सोडून गेलेल्या विणकरांना सकाळीच निरोप धाडून परत बोलावलं आहे, हे कळल्यावर मधला भाऊ तडक मागाच्या खोलीत आला.

"कुणी सांगितलं बोलवायला?" त्यानं विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? साहेब आज काठ कापून नेणार, म्हणजे काम आलंच की." दादा मागाशेजारी मांडी घालून कात्रीला तेल लावत होता. "निरोप तूच आणलास. साहेबांना नमुना पाहिजे, असंच म्हणालास ना?"

म्हणाला होता खरा, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. साहेबानं इंग्रजीत एक साधा शब्द वापरला, त्याला मधल्यानं चटकन नमुना म्हटलं, आणि कचेरीतल्या जिभेनं म्हटलेला शब्द घरातल्या कानांवर पडला. या घरात नमुना म्हणजे नुसता कापडाचा तुकडा कधीच नव्हता. व्यापाऱ्यानं माल बघायचा, भाव ठरवायचा, आणि सगळं पक्कं झालं की मगच दादानं, त्याच्या आधी वडलांनी, तयार कापडाच्या काठातून चार बोटं पट्टी कापून त्याच्या हातावर ठेवायची. पट्टी नेणारा कापडाची ठरलेली ठाणं न्यायला बांधलेला. कागद नाही, साक्षीदार नाही. माल तयार झाला की पट्टी परत आणून शेजारी धरायची, रंगात फरक पडला तर चूक विणकराची, माल उचलला नाही तर चूक गिऱ्हाइकाची. म्हणून या गल्लीत 'अमक्याचा काठ कापला' असं कुणी म्हणालं की शेजारीपाजारी समजून जायचे, आता यांच्याकडे मागावर धोटे वाजणार. साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याला नुसतं बघायला कापड पाहिजे होतं.

मागाच्या त्या लांबट खोलीत एकच माग चालू होता. बाकीच्यांवर गोणपाट टाकलेलं, त्यावर धूळ, आणि भिंतीला खळीचा जुना आंबूस वास. दादानं आज पहाटे उठून दोन मागांवरची गोणपाटं काढून टाकली होती. स्वतः झाडलंसुद्धा होतं, आणि दादाच्या हातात केरसुणी म्हणजे घरातल्या लहानथोरांसाठी बघण्यासारखीच गोष्ट.

"दादा, एवढी घाई नको करायला पाहिजे होती," मधला म्हणाला.

"तुझ्या तोंडाकडे बघून वाटतंय, साहेब काम द्यायला नाही, जप्ती आणायला येतोय."

दारातून वहिनी हसली. दादाची बायको, घरची ही थोरली सून, बोलायला कुणाला ऐकणारी नव्हती. "भावजी, नमुनाच पाहिजे असेल तर आमचे धाकटे भावजी द्या की साहेबांना. चालताबोलता आहे. शिवाय धुवून रंगही जायचा नाही."

धाकटा तिच्या मागेच उभा होता, खांद्यावर कापडाचा गठ्ठा. बाजारात बसून माल विकायचं काम त्याच्याकडे. एरवी वहिनीच्या थट्टेला तोडीस तोड उत्तर देणारा तो आज गठ्ठा खाली टेकवून नुसता मधल्याकडे बघत राहिला.

"भाऊला कसली काळजी आहे, ते मी सांगू?" तो म्हणाला. "साहेबाकडून आपल्याला किती मिळणार आणि मधल्यामध्ये याला किती मिळणार, ते अजून ठरलं नसेल."

"तोंड सांभाळून बोल," मधला म्हणाला.

"मग तू तोंड उघडून बोल. चार दिवस बघतोय, जेवताना घास तोंडात घोळवत बसतोस. वहिनी, आपला काठ कसा आहे, सांग बरं? इकडून तांबडा, उलटा केला की निळा. दोन तोंडांचा. आमचा भाऊ त्याच ठाणातला आहे. इकडे एक, कचेरीत दुसरं."

मधल्याला हे झोंबलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. बायको माहेरी गेली होती, नाहीतर रात्री निदान तिच्यापाशी तरी त्यानं मन मोकळं केलं असतं. पावसाळा सरल्यापासून तो साहेबाबरोबर वस्त्यावस्त्या हिंडत होता आणि विणकरांच्या दारात साहेबाचे प्रश्न मराठीत, त्यांची उत्तरं इंग्रजीत करून देत होता. पगार बरा होता. या घरातली चूल निम्मी त्या पगारावर चालायची, हे दादाला माहीत होतं आणि म्हणूनच दादा त्याबद्दल कधी बोलत नसे. शब्द फिरवायचे, एवढंच आपलं काम, असं मधला स्वतःला बजावत आला होता. पण आज साहेब याच दारात येणार होता.

कोपऱ्यात बसून सुताची रिळं लावत असलेल्या आत्यानं मान वर केली. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा. दादासुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसे.

"बैस इथं," ती मधल्याला म्हणाली. "आणि गिळतोयस ते ओक एकदाचं. साहेबाला कापड कशाला पाहिजे?"

मधला बसला. एकदा वाटलं, काहीतरी थातुरमातुर सांगून मोकळं व्हावं. मग त्याला ते गोणपाट काढलेले माग दिसले.

"विकत घ्यायला नाही, आत्या. तिकडे पाठवायला पाहिजे. त्यांच्या देशात मोठमोठ्या गिरण्या आहेत. इथं लोक काय नेसतात, किती लांब, कुठला काठ, कुठला रंग, हे गिरणीवाल्यांना माहीत नाही. म्हणून साहेब जागोजागचे तुकडे गोळा करतो, त्यांना दाखवायला. ते बघून तसंच कापड ते तिकडे काढणार, आणि इथं आणून विकणार."

"कुणी सांगितलं तुला?" दादानं विचारलं.

"साहेबानंच. लपवत नाही तो. चहा पिता पिता सांगतो, हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटतच नाही."

मग दादा हसला. ते हसणं मधल्याला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"यंत्राला आपला काठ येणार? अरे, माझ्या हाताखाली दहा दहा वर्षं बसलेल्यांना तो येत नाही. दोन्हीकडून वेगळा रंग काढायचा म्हणजे काय खेळ आहे? आणू दे की यंत्र. मी स्वतः मागावर बसवतो त्याला."

"विणायचा कशाला, दादा? छापायचा. वरून तांबडा पट्टा छापला की झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या अंगावर लांबून दोन्ही सारखेच दिसणार."

"आणि धुतल्यावर?" आत्या म्हणाली.

"धुवेपर्यंत विकलेलं असतं, आत्या."

धाकट्यानं गठ्ठा जमिनीवर सोडून दिला आणि त्यावरच बसला. बाजारात बसणारा तो, त्यामुळे भाव म्हणजे काय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. "स्वस्त असेल?"

"निम्म्यानं. त्याहून कमीसुद्धा. इथला कापूस जहाजात भरून जातो आणि तिकडून कापड होऊन येतो. येताना त्यावर कराची पट्टी जवळजवळ नाही. आपल्या मागावर मात्र पट्टी आहेच."

"म्हणजे आपण मागाची पट्टी भरायची, तिच्यावर त्यांनी फौज पोसायची, आणि त्या फौजेच्या राज्यात त्यांचं कापड आपल्याला विकायचं," धाकटा सावकाश म्हणाला. मघाचा चेष्टेचा सूर आता राहिला नव्हता. "राजाला कर पाहिजे हे मला कळतं, भाऊ. सगळ्याच राजांना पाहिजे असतो. पण राजा दुकान कशाला टाकतो?"

"आधी दुकानच होतं," मधला म्हणाला. "ते आले तेव्हा माल घ्यायलाच आले होते. आपल्या आजानं त्यांच्या माणसांना ठाणं विकलेली आहेत, वडील सांगायचे की. राज्य मागून आलं, दुकानाच्या रखवालीला. आता त्यांचा माल वाढलाय, त्याला गिऱ्हाईक पाहिजे. एवढी माणसं हाताखाली असल्यावर दुसरीकडे कशाला शोधतील?"

"आणि हे तुला महिनोन् महिने माहीत होतं," दादा म्हणाला.

मधल्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

"मग कापायचंच नाही," वहिनी म्हणाली. "सांगायचं, नाही देत."

"वरच्या वस्तीतल्यांनी तसं सांगितलं होतं, वहिनी. पुढच्याच आठवड्यात पट्टीवाले येऊन त्यांचे माग मोजून गेले. आणि मी साहेबाच्या कामात मोडता घालतोय असा वास जरी लागला, तर माझी नोकरी गेली समजा."

"बापरे," वहिनी म्हणाली आणि पदरानं वारा घेऊ लागली.

आत्यानं रीळ खाली ठेवलं. "तू दुभाष्या आहेस ना? मग फिरव की शब्द. सांग, हा काठ मोडला, विणणारं कुणी उरलं नाही. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत. पण सोबत कारकून असतो लिहून घ्यायला, त्याला दोन्ही भाषा येतात. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो तिथल्या तिथं बोट ठेवेल."

मग बराच वेळ खल झाला. धाकटा टोमणे विसरून काठ अजिबात देऊ नका म्हणत होता, तर वहिनी पट्टीवाल्यांच्या धास्तीनं आता देऊन टाकावा म्हणू लागली. दादा कुणाचंच ऐकत नव्हता. अखेर आत्यानं तोडगा काढला. नाही म्हणायचं नाही, पण घरची रीत सांगायची. किती ठाणं घेणार ते आधी बोला, भाव ठरवा, मग काठ कापू. साहेबानं ठाणं घेतली तर काम मिळालं. नाही घेतली तर आपण काही नकार दिला नाही. दादाला हे पटलं, कारण त्यात त्याला काहीच सोडावं लागत नव्हतं. मधल्यालाही थोडा धीर आला. कात्री बंद राहिली म्हणजे निभावलं, असं त्याला वाटलं.

उन्हं चढली तसे बोलावलेले विणकर एकेक करून येऊ लागले आणि अंगणात भिंतीच्या सावलीला बसले. त्यातल्या म्हाताऱ्यानं तर येताना आपला जुना धोटा पुसून आणला होता. मधल्यानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

साहेब आला तो घामाघूम होऊन. नाक उन्हानं सोलवटलेलं, पण चेहरा हसरा. दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकला, आत आल्यावर त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं, आणि दादानं पुढे केलेल्या स्टुलावर बसला. मागे तो कारकून, कानाला टाक. वाईट माणूस दिसत नव्हता साहेब. तेच मधल्याला सगळ्यात जास्त खुपायचं.

त्यानं चालू मागावरचं कापड बोटांनी उचललं, उलटं केलं, निळा रंग बघून तोंडानं शीळ घातली. दादाची छाती नाही म्हटलं तरी फुगली.

"साहेब म्हणतात, असं काम त्यांनी कुठं पाहिलं नाही," मधल्यानं सांगितलं.

"पाहणार कुठं?" दादा म्हणाला. "हे नको सांगूस. ठाणांचं विचार."

पण साहेबाचे प्रश्न आधी सुरू झाले, आणि ते दादाला नव्हतेच. त्यानं दारातल्या वहिनीकडे हात केला. बायका हे नेसतात कशा? कुठून सुरुवात करतात? कुठलं टोक डोक्यावर येतं? मधल्यानं एकेक विचारलं. वहिनी आधी लाजली, मग खुलली. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, कापड कसं विणतात यावर रोज भांडणं व्हायची, पण ते नेसणारीला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सांगा त्यांना, हे टोक आत खोचायचं, त्याला काठाची गरजच नाही, कुणाला दिसणार आहे? दिसतो तो पायाशी, आणि इथं खांद्यावर. पदराकडे काठ रुंद पाहिजे, नाहीतर बाई उघडी दिसते. नव्या नवरीला तांबडा बाहेर, आमच्यासारख्या थोराडांना निळा बाहेर. म्हणून तर एकच कापड सासूसुनांना चालतं, भावजी, त्यावरनं भांडणंही होतात, तेही सांगा."

साहेबाला भांडणाचं सांगितल्यावर तो खळखळून हसला. लांबी किती पुरते, जाड्या बाईला किती, एक कापड किती दिवस टिकवतात, पाणी गरम की थंड. वहिनी सांगत गेली, मधला इंग्रजीत करत गेला, कारकुनाचा टाक चालत राहिला. मधल्याची जीभ तेवढी काम करत होती. त्याचं लक्ष सगळं दादाच्या मांडीवरच्या कात्रीवर होतं.

शेवटी दादाच्यानं राहवलं नाही. "विचार आता. किती ठाणं?"

मधल्यानं विचारलं. साहेबाला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्यानं खांदे उडवले.

"एकही नको म्हणतात," मधला म्हणाला. कारकून त्याच्या तोंडाकडे बघत होता. "नुसता तुकडा पाहिजे."

दादानं कात्री उचलली आणि पाठीमागे ठेवून दिली. "मग सांग, आमच्यात भाव ठरल्याशिवाय काठाला कात्री लावत नाहीत. वाडवडलांपासून नाही लावली."

हे वाक्य इंग्रजीत करणं मधल्याच्या नोकरीवर बेतणारं होतं. तरी त्यानं ते केलं, आणि दादाइतकंच ठाम केलं. आता साहेब उठणार, कारकून काहीतरी लिहिणार, आणि उद्या कचेरीच्या पायरीवरच आपल्याला अडवणार, हे त्याला दिसत होतं. पण त्या क्षणी त्याला भावाचा अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही.

साहेब रागावला नाही. त्यानं मान डोलावली, दोन-चार वाक्यं बोलला, उठून वहिनीकडे वळला आणि पुन्हा वाकून आभार मानले. मग टोपी घातली.

"काय म्हणाला?" दादानं विचारलं.

मधला साहेबाकडेच बघत राहिला.

"अरे, काय म्हणाला?"

"म्हणाला, रीत आहे तर राहू दे. दुसरा तुकडा मिळाला असता तर बरं झालं असतं, पण अडत नाही. आपलं एक अख्खं कापड त्याच्याकडे आहे. माणूस पाठवून बाजारातनं आणलं त्यानं." मधल्यानं वहिनीकडे पाहिलं. "फक्त ते नेसतात कसं, हे कळत नव्हतं. त्यामुळे काठ कुठं छापायचा, किती रुंद छापायचा आणि कुठं छापला नाही तरी चालेल, ते गिरणीवाल्यांना सांगता येत नव्हतं. ते आता कळलं. वहिनींचे आभार मानले त्यानं."

साहेब अंगणातून, उठून उभ्या राहिलेल्या विणकरांमधून वाट काढत निघून गेला. कारकून जाता जाता मधल्याला म्हणाला की उद्या लवकर या, पलीकडची वस्ती करायची आहे.

धाकटा भिंतीला टेकला. "परवा बाजारात छत्री घेतलेला एक माणूस कापड घ्यायला आला होता," तो म्हणाला. "घासाघीसही केली नाही त्यानं. मीच खूश होऊन चार पैसे कमी केले. मला वाटलं, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकच होतं," दादा म्हणाला. "तुझं काय चुकलं?"

वहिनी चौकटीला धरून खाली बसली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पुन्हा मागे सारला, जणू त्याचं काय करावं तेच तिला कळेना. "मी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "हसत हसत सांगितलं. मला वाटलं, विचारतोय बिचारा."

"आणि मीच ते इंग्रजीत करून दिलं, वहिनी," मधला म्हणाला.

आत्यानं रिळं टोपलीत भरायला घेतली, आणि त्यातली बरीचशी पुन्हा बाहेर घरंगळली तरी तिचं लक्ष नव्हतं.

विणकर आता दारापाशी आले होते. आत कुणी तरी काही बोलेल म्हणून ते वाट बघत होते. इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं आणि मराठी अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं. धोटा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं दादाला विचारलं, "काय ठरलं, मालक? उद्यापासून बसू ना मागावर?"

दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून त्यानं मधल्याकडे पाहिलं.

"तू सांग," तो म्हणाला. "तू दुभाष्या आहेस ना? सांग त्यांना."

मधला दाराशी गेला. या माणसांनी त्याला लहानपणी मागाखाली लपलेलं पाहिलं होतं, कान धरून बाहेर काढलं होतं. त्यांच्याशी बोलायला कुणाला दुभाष्या लागला नव्हता कधी.

"काम आलेलं नाही, काका," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं विचारलं, "आलेलं नाही, का येणार नाही?"

या दोन्हीत किती अंतर आहे ते मधल्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. असल्या अंतरावरच त्याची भाकरी चालायची. पहिलंच पुन्हा सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि म्हातारा आशेवर घरी गेला असता.

"येणार नाही," तो म्हणाला.